डोकं माझं, दुखणं सार्वजनिक

बुटीबोरीत डोकं दुखणं हा गुन्हा नाही. ते दुखतंय असं चारचौघांत बोलून दाखवणं, हा आहे. पोट बिघडलंय म्हटलं तर लोक दोन पावलं मागं सरकतात, ताप आहे म्हटलं तर चार. पण डोकं दुखतंय म्हटलं की खुर्ची ओढून जवळ बसतात. डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात. डोकेदुखीचा डॉक्टर व्हायला आपलं डोकं एकदा दुखलेलं असलं म्हणजे झालं, आणि तेही नसलं तर मावसभावाचं दुखलेलं चालतं.

डोकी दुखण्यासाठी मात्र आमच्या गावासारखं गाव नाही. नागपूरपासून तीसेक किलोमीटरवर, श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ नंबरचा महामार्ग आमच्या उंबऱ्यावरून जातो आणि वर्ध्याचा रस्ता इथंच त्याच्यापासून फुटतो. त्यामुळे अर्ध्या हिंदुस्थानच्या ट्रकवाल्यांना ‘आता कुठं वळू?’ हा प्रश्न नेमका आमच्याकडं येऊन पडतो, आणि तो ते हॉर्न वाजवून विचारतात. बाजूला एमआयडीसी. तिथल्या शिफ्टा रात्री-अपरात्री बदलतात, म्हणून गावात कोणत्याही वेळी कोणीतरी अर्धवट झोपेत असतो आणि कोणीतरी त्याच्या खिडकीखाली स्कूटरला किक मारत असतो.

वर ऊन. २०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेव्हापासून आम्ही ४५ला ‘आज जरा बरं आहे’ म्हणतो. २०२४च्या मे महिन्याच्या अखेरीस तर नागपुरातल्या एका स्वयंचलित यंत्रानं ५६ अंश दाखवले. देशभर बोंब झाली. मग हवामान खात्यानं खुलासा केला, की तेवढं तापमान नव्हतं, यंत्राचा सेन्सर बिघडला होता. म्हणजे यंत्रालाही ऊन लागलं. फरक इतकाच, की त्याच्या कपाळाला कोणी सुंठ लावायला गेलं नाही.

माझ्या कपाळाला मात्र लागली.

मी इथल्या एका कंपनीत स्टोअरला आहे. नवतपा सुरू झालेला, दुपारची वेळ, कॅन्टीनमध्ये मी ताटासमोर डोळे मिटून बसलो होतो. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “काय जी भाऊ, डोस्कं दुखून राह्यलं का?”

“थोडंसं,” मी म्हणालो.

या ‘थोडंसं’नं घात केला. ‘नाही’ म्हटलं असतं तर सुटलो असतो. ‘फार’ म्हटलं असतं तर त्यांनी मला दवाखान्यात तरी पाठवलं असतं. ‘थोडंसं’ म्हणजे हौशी कलाकारांना खुलं मैदान.

“पित्त आहे,” फिटरभाऊ म्हणाले. त्यांच्या मते जगातली सगळी दुखणी पित्तानं होतात, महागाईसकट.

“पित्त कायचं? सर्दी आहे, भरलेली. वाफ घ्या,” इलेक्ट्रिशियन म्हणाला. बाहेर पंचेचाळीस अंश होते. त्या दिवशी सगळी बुटीबोरी फुकटात वाफ घेत होती.

“मानेचं आहे ते,” हिशेबनीस म्हणाले. “मणका सरकला की असं होते. माझ्या साळ्याचा सरकला होता.” आणि परवानगी न विचारता त्यांनी मागून माझी मान धरून उजवीकडं वळवली. कट्कन आवाज झाला. सगळे खूश झाले. “पाहा, निघालं!” काय निघालं ते कळलं नाही, पण पुढचे काही दिवस मला कोणी डावीकडून हाक मारली की मी पायांसकट पूर्ण वळून ‘ओ’ देत होतो.

ताटातला वरण-भात निवून गेला. तेवढ्या चर्चेत ‘तुम्ही आधी जेवून घ्या’ असं कोणीही म्हणालं नाही.

घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. सौभाग्यवती दारातच बाटली घेऊन उभी. आमचं घर बामवादी आहे. कोणाला काहीही झालं तरी आधी तो पिवळा बाम निघतो, मग थर्मामीटर. या बामघराण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. काशीनाथुनी नागेश्वरराव नावाच्या आंध्रातल्या गृहस्थांनी १८९३ साली मुंबईत अमृतांजन काढलं. सुरुवातीला म्हणे ते संगीताच्या मैफलींत फुकट वाटत. माणसाची पारख बघा: श्रोत्यांना नेमकी गरज कधी पडेल हे त्यांना ठाऊक होतं. पुढं याच गृहस्थांनी १९०८मध्ये ‘आंध्र पत्रिका’ हे नियतकालिकही सुरू केलं. वर्तमानपत्र आणि डोकेदुखीचा बाम, दोन्ही एकाच मालकाचे! धंद्याची अशी जोडणी पुन्हा कोणाला जमली नाही. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर खंडाळ्याच्या घाटात इंग्रजांच्या वेळचा, १८३०चा पूल होता. त्याच्यावर या बामाची जाहिरात झळकायची, म्हणून लोक त्याला अमृतांजन पूल म्हणू लागले आणि तेच नाव राहिलं. २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा सापडला तेव्हा तो पाडला. घाटात अडकून पडलेल्या गाड्यांना समोर बामाची जाहिरात दिसावी, याला मी जाहिरातकलेचा कळस समजतो. तसा एक फलक आमच्या चौकात लावायला कोणाची हरकत नसावी.

तर बाम. बाम कपाळाला लावायचा असतो. पण मे महिन्यात विदर्भातल्या कपाळावर काहीही टिकत नाही, ते घामाबरोबर खाली येतं. खाली डोळे असतात. पुढची वीस मिनिटं मी घरातल्या घरात आंधळी कोशिंबीर खेळलो आणि तेवढा वेळ डोकं दुखत होतं की नाही, हे खरोखर लक्षात नाही. “बघा, उतरलं ना?” सौ. म्हणाली. बामाची कीर्ती अशीच वाढत असावी.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून सासूबाई आल्या. जावयाचं डोकं दुखतं म्हणजे मुलीच्या संसारावरचं संकट, असा त्यांचा हिशेब. त्या तेलवादी आणि बांधणीवादी. त्यांनी आधी डोक्यात खोबरेल जिरवलं. जिरेना, तेव्हा आणखी जिरवलं. मग एक सुती दुपट्टा घेऊन कपाळाभोवती असा आवळला, की माझ्या भुवया कायमच्या आश्चर्यचकित झाल्या.

“कसं वाटते जावईबापू?”

“घट्ट.”

“घट्टच पाहिजे. दुखणं दबते.”

त्या अवस्थेत मी ड्यूटीवर गेलो. गोदामात सेफ्टी हेल्मेट सक्तीचं. दुपट्ट्यावर हेल्मेट, हेल्मेटखाली तेल, तेलावर पत्र्याच्या शेडची आच. दुपारपर्यंत डोक्यातून जो वास यायला लागला, त्यानं कॅन्टीनच्या आचाऱ्यानं दोनदा आपली कढई तपासली.

संध्याकाळी सुंठेचा लेप झाला. सुंठ उगाळून कपाळाला लावली की आधी बरं वाटतं, मग गरम वाटतं आणि मग आपण कोण, कुठले, हे सगळं विसरायला होतं. लेप धुतल्यावर कपाळावर एक लाल पट्टा राहिला. पानठेलेवाल्यानं विचारलं, “कुठल्या देवाचा गंध आहे हा जी?”

शेजारच्या काकूंनी अर्थात एका नजरेत निदान केलं. “अवं बाई, नजर लागली त्याले!”

सौ.ला ते पटेना. “यांना कोण नजर लावणार?” ती इतक्या प्रामाणिकपणे म्हणाली, की मला डोकेदुखीपेक्षा ते लागलं. काकूंनी विचार करून तोडगा काढला. “नव्या कूलरवर पडली असंन. हा समोर बसला होता, त्याले लागली.” मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळून शेगडीत पडल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही तर नजर लागलेली असते, असा नियम. ठसका असा आला, की समोरच्या ब्लॉकमधली माणसं बाल्कनीत आली. काकू खोकत खोकत म्हणाल्या, “मोठीच होती!” नियम उलटा झाला हे मी दाखवून देणार होतो, पण श्वास मिळत नव्हता.

तूपवाद्यांबद्दल थोडक्यात सांगतो. नाकात साजूक तुपाचे दोन थेंब सोडायचे, मान मागं टाकून पडून राहायचं आणि शिंकायचं नाही. शिंकायचं नाही असं सांगितल्यावर माणसानं शिंकू नये, हे मनुष्यस्वभावाला धरून नाही. भिंतीवरचा डाग अजून आहे.

सगळ्यांत गोड इलाज मात्र कॅन्टीनमधल्या फिटरभाऊंनीच दिला. त्यांनी आता पित्त सोडून अर्धशिशी धरली होती. “सूर्य निघायच्या आधी जिलेबी खायची. दुधासोबत. पूर्वेकडं तोंड करून. आणि कोणाशी बोलायचं नाही. बोललं की गेलं.”

मेमध्ये आमच्याकडं साडेपाचलाच उजाडतं. म्हणजे साडेचारला उठणं आलं. इतक्या पहाटे जिलेबी तळणारा भेटत नाही, म्हणून आदल्या रात्री आणून ठेवली. रात्रभर कूलरसमोर राहून ती इतकी मऊ पडली, की तिचा आदि-अंत लागेना. पहाटे मी गच्चीवर उभा. हातात वाटी, तोंड पूर्वेला, म्हणजे नेमकं शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीकडं. खिडकी उघडली.

“कोण आहे बे तिकडं?”

बोललो तर इलाज जातो, न बोललो तर इज्जत. मी वाटी उंच करून दाखवली. शेजारी बराच वेळ माझ्याकडं आणि जिलेबीकडं पाहत राहिले. “घरात देत नाही का खाऊ?” त्यांनी हळू आवाजात, खरोखरीच्या काळजीनं विचारलं. तोवर सूर्य वर आला. झोप अर्धी, पोटात पाक, वर मे महिन्याचं ऊन. त्या दिवशी डोकं जे दुखलं, त्याला अर्धशिशी म्हणणं अन्याय होईल. ती पूर्णशिशी होती.

मग मी गोळीकडं वळलो. आमचा मेडिकलवाला कमी बोलतो. “काय देऊ, साधी का पॉवरवाली?” एवढाच त्याचा एमडीचा अभ्यासक्रम. फिटरभाऊंना गोळी दिसली तेव्हा ते दुखावले. “इंग्रजी औषध कायले? आपला झाडपाला काय कमी आहे?” मी त्यांना सांगितलं, की अ‍ॅस्पिरिनचं घराणंही झाडाचंच, विलो नावाच्या झाडाच्या सालीतल्या द्रव्यापासून त्याची वंशावळ सुरू होते, जर्मनीत बायर कंपनीत १८९७मध्ये ते तयार झालं आणि १८९९पासून त्या नावानं विकायला आलं. भाऊ विचारात पडले. म्हणाले, “मंग डायरेक्ट सालच चावायची ना.”

गोळीनं बरं वाटायचं. बरं वाटलं म्हणून पुन्हा घ्यायची. पुढं पुढं दुखायच्या आधीच घ्यायची, आगाऊ आरक्षण केल्याप्रमाणे. त्यातच सौ.नं पित्तावर उपाय म्हणून घरातला चहा एका फटक्यात बंद केला, आणि इतकी वर्षं दिवसाला सहा-सात कप रिचवणारं माझं डोकं संपावर गेलं. डोळे उघडवेनात. शेवटी मी जे घरातल्या कोणीच सुचवलं नव्हतं ते केलं. डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी पट्टा बघितला, तेलाचा वास घेतला, सगळं समजून मान हलवली आणि खुर्ची दाखवली. मी सुरुवात केली, “मेंदूत काहीतरी...”

“मेंदूला दुखत नसतं,” त्या म्हणाल्या. “त्याला दुखण्याची जाणीवच नाही. दुखतं ते भोवतालचं. आवरणं, रक्तवाहिन्या, डोक्याचे-मानेचे स्नायू.”

इतकी वर्षं मी ज्याच्या नावानं रजा टाकत होतो, त्याचा या प्रकरणात हातच नव्हता.

मग त्यांनी सांगितलं, की डोकेदुखीची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे आणि तीत दोनशेवर प्रकार आहेत. मला जरा अभिमान वाटला. त्यात उपाशी राहिल्यानं होणारी डोकेदुखी वेगळी, एकदम चहा-कॉफी तोडल्यानं होणारी वेगळी, थंडगार काही गिळल्यावर कपाळात कळ येते ती वेगळी. हेल्मेट किंवा घट्ट पट्ट्यानं डोकं आवळल्यामुळं होणारी, तिचाही स्वतंत्र नंबर आहे. सासूबाईंचं काम जागतिक यादीत आहे, हे ऐकून त्यांना आनंद झाला असता. पण ते त्यांना कोणी सांगायचं, यावर घरात एकमत झालं नाही. आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या महिन्यातले दहा-पंधरा दिवस, असं महिनोन् महिने घेत राहिलं तर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, तोही प्रकार यादीत आहे. म्हणजे मी एकटाच जवळजवळ ती यादी घेऊन फिरत होतो.

“बहुतेकांचं ताणाचं असतं, मान-खांदे आखडून होणारं,” बाई म्हणाल्या. “सकाळपासून पाणी किती प्यायलात?”

मी आठवू लागलो. कूलरच्या टाकीत पाणी आहे का, याची चौकशी आमच्या घरात दिवसातून तीनदा होते. माझ्या पोटात आहे का, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

“नाश्ता?”

“जिलेबी.”

“झोप?”

“साडेचारला उठलो. जिलेबीसाठी.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. पाणी प्या, उन्हात जाताना पन्हं किंवा ताक घ्या, जेवायची वेळ चुकवू नका, झोपायची-उठायची वेळ रोज एकच ठेवा. चहा तोडायचा तर हळूहळू, एकेक कप कमी करत. दुखलं तर अंधाऱ्या, शांत खोलीत पडा. कपाळावर गार पाण्याची घडी ठेवा किंवा मानेला शेक द्या, जे सोसेल ते. कॉम्प्युटरवरून अधूनमधून उठून मान-खांदे मोकळे करा, मात्र हिशेबनिसांकडून नाही. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. बाम लावायचा तर लावा, डोळ्यांपासून लांब. गोळी कधीतरी ठीक, रोज नाही. मग त्यांचा आवाज बदलला. डोकं अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं जोरात दुखलं, तापाबरोबर मान ताठ झाली, बोबडी वळली, हात किंवा पाय लुळा पडला, दिसायला अंधुक झालं, डोक्याला मार लागून दुखायला लागलं, तर शेजारच्या काकूंकडं जायचं नाही. थेट दवाखाना.

घरी सगळे वाट बघत होते.

“काय दिलं डॉक्टरनं?”

“पाणी.”

“अन् फीस किती घेतली?”

मी आकडा सांगितला. शांतता पसरली. “पाण्याची?” सासूबाई म्हणाल्या. “नागपूरले दाखवा. इथं काही राम नाही.”

मी पाणी प्यायला लागलो. वेळेवर जेवायला आणि झोपायला लागलो. चहा कपाकपानं खाली आणला. काही आठवड्यांत डोकं थांबलं, आणि खरा त्रास तिथं सुरू झाला. प्रत्येकाला जाणून घ्यायचं होतं, की कोणाच्या इलाजानं थांबलं. मी घाबरट माणूस. फिटरभाऊंना म्हणालो, जिलेबी. सौ.ला म्हणालो, बाम. काकूंना म्हणालो, मिरच्या. सासूबाईंना फोनवर सांगितलं, दुपट्टा. हिशेबनिसांसमोर नुसती मान वळवून दाखवली, जितकी वळते तितकी.

आणि मग घरी सत्यनारायण निघाला. सगळे एका सतरंजीवर. प्रसादाचा द्रोण हातात येईपर्यंत प्रकरण उघडकीला आलं होतं.

“जिलेबीनं? अन् मले तर सांगितलं मिरच्यानं!”

“मिरच्या नाही हो काकू, बाम. मी रोज लावून देत होते.”

“दुपट्टा माझा होता,” सासूबाई म्हणाल्या. “अजून वापस नाही भेटला.”

आवाज चढले. मी शिऱ्यात मान खुपसली. जिलेबी की बाम, हे काही ठरेना. मग अशा वादाचा जो शेवट होतो तोच झाला. सगळ्यांचं एकदम, एकमुखानं एकमत झालं.

“मुळात त्याचं डोस्कं दुखतच नव्हतं,” काकू म्हणाल्या.

“नाटक होतं जी सगळं. कंपनी चुकवायचं,” फिटरभाऊ म्हणाले.

“मी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होते,” सौ. म्हणाली.

तेवढ्यात शेजारी उठायला गेले आणि गुडघा धरून पुन्हा बसले. “अगागा...”

क्षणात सगळी सतरंजी तिकडं वळली. “काय झालं जी? दुखून राह्यलं का?”

“थोडंसं,” शेजारी म्हणाले.

काकू सरकून जवळ गेल्या. हिशेबनिसांनी बाह्या वर केल्या. सासूबाईंनी सौ.ला तेलाची बाटली आणायला सांगितलं आणि दुपट्ट्याची पुन्हा चौकशी केली. माझ्या बाजूला सतरंजीवर कोणी उरलं नाही. मला थोडं वाईटच वाटलं.